देवभात : भातपिकाच्या रानटी गोताची ओळख व नोंद

भातखाचराला लागून असलेल्या डबक्यात, रस्त्याकडेच्या चरात, किंवा पूर्व विदर्भातील बोडीच्या उथळ काठाला पावसाळ्याच्या उत्तरार्धात एक गवत निसवलेले दिसते. दुरून पाहणाऱ्यास ते भातच वाटते. जवळ जाऊन लोंबी हाती घेतली म्हणजे मात्र लांब, खरखरीत कुसळे टोचतात आणि हात लागताच पिकलेले दाणे पाण्यात गळून पडतात. हेच देवभात. ते पेरल्यावाचून उगवते, राखल्यावाचून वाढते आणि कापणीची वाट न पाहता आपले बी जमिनीच्या स्वाधीन करून मोकळे होते. ऋषिपंचमीस नांगरलेल्या जमिनीतील धान्य वर्ज्य मानणाऱ्या घरांतून देवभाताचा तांदूळ शोधून आणण्याची चाल आहे. छत्तीसगढमध्ये ‘पसहर’ या नावाने हाच तांदूळ हलषष्ठीच्या व्रतास लागतो. संस्कृत वाङ्मयात ज्यास ‘नीवार’ म्हटले आहे ते धान्य हेच होय. कालिदासाच्या शाकुंतलात तपोवनाची एक खूण म्हणून झाडाखाली सांडलेल्या नीवाराचा उल्लेख आला आहे.

शेतकऱ्याच्या लेखी मात्र देवभात हे तण आहे, आणि तेही चिवट तण. खाचरात शिरले की उत्पन्न घटविते, तांदळात लाल दाणा मिसळून भाव पाडते, आणि बेणणी करणाऱ्यास अखेरपर्यंत ओळखू येत नाही. ही तक्रार सर्वस्वी खरी आहे. परंतु याच तणाच्या एका वाणाने आशियातील भातपिकास एका घातक रोगापासून संरक्षण दिले, हेही तितकेच खरे आहे. ही दुसरी बाजू गावोगाव पोहोचलेली नाही. ग्रामकार्यकर्त्यांनी ती समजून घेतली, तर आपल्या गावच्या डबक्यात आणि बांधावर काय उभे आहे, याकडे ते निराळ्या दृष्टीने पाहू लागतील.

रानटी गोत म्हणजे काय?

उष्ण कटिबंधातील आशिया हा पिकांच्या उत्पत्तीचा एक मोठा प्रदेश आहे. भात, ऊस, केळी, आंबा, फणस, वांगी, अळू, सुरण, आले, हळद, मिरी ही आपल्या नित्य व्यवहारातील पिके भारतापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात रानातून शेतात आली. मोसमी पाऊस, एका दिवसाच्या चालीत बदलणारी उंची आणि माती, बेटाबेटांनी तुटलेली भूमी यांमुळे येथे वनस्पतींचे प्रकार अतोनात झाले आहेत. मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स आणि न्यू गिनी या एकाच विभागातील फुलझाडांचे प्रकार सुमारे ४० हजार मानले जातात. त्यांचे सविस्तर वर्णन करणारा ग्रंथप्रकल्प विसाव्या शतकाच्या मध्यास सुरू झाला, तो अद्याप पुरा झालेला नाही. यावरून कामाचा आवाका ध्यानात यावा.

पिकाचे जे भाईबंद रानातच राहिले, त्यांना त्या पिकाचे रानटी गोत म्हणावयाचे. भाताच्या वंशात लागवडीखालील जाती दोनच : एक आशियातील व दुसरी आफ्रिकेतील. रानटी जाती मात्र वीसच्या आसपास आहेत. त्यांपैकी आपल्याकडे मुख्यत्वे दोन भेटतात. एक वर्षायू असून पावसाळ्यात भरणाऱ्या व उन्हाळ्यात आटणाऱ्या उथळ डबक्यांत वाढते; शास्त्रीय नाव ओरायझा निवारा. दुसरी बहुवर्षायू असून सदैव पाणी राहणाऱ्या तळ्यांत तरंगत पसरते. तिचे नाव ओरायझा रुफिपोगॉन. लोकव्यवहारात दोहोंनाही देवभातच म्हणतात. पहिली ही दुसरीचेच एक रूप आहे असे मानणारे शास्त्रज्ञही आहेत. तो वाद त्यांच्यावर सोपवून पुढे जावे.

हजारो वर्षांपूर्वी याच रानटी भातातून माणसाने आपला भात निवडला. निवड करताना त्याने काय पाहिले, हे आजच्या पिकाकडे पाहून कळते. ज्या ताटाचे दाणे झडले नाहीत, ते बियाण्यास आले. ज्याला कुसळ कमी, ते हाताळण्यास सोपे म्हणून राहिले. ज्याचे बी एकाच वेळी उगवले, ते सोयीचे ठरले. प्रत्येक निवडीत काही हाती आले, काही मागे राहिले. मूठभर ताटांच्या संततीतून पीक वाढत गेल्यामुळे रानटी भातात असलेले पुष्कळ गुण, विशेषतः रोगांना, किडींना आणि पाण्याच्या ताणाला तोंड देण्याचे गुण, शेतापर्यंत आलेच नाहीत. ते आजही डबक्यातच आहेत.

एका वाणाची हकिकत

फिलिपाईन्समधील लॉस बान्योस येथे १९६० साली आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेची स्थापना झाली आणि १९६६ साली तिने आयआर ८ हे बुटके, खताला मानणारे वाण प्रसृत केले. उत्पन्न वाढले, पण दाट लावणी, वर्षातून दोन-तीन पिके आणि भरपूर नत्र यांमुळे तपकिरी तुडतुड्यांनाही सुकाळ झाला. हा कीटक बुंध्याशी बसून रस शोषतो व पीक करपवितो, एवढेच त्याचे नुकसान नाही. तो एक विषाणूही वाहून नेतो. विषाणू लागलेले रोप खुजे राहते, त्यास गवतासारखे असंख्य फुटवे येतात, पाने अरुंद व फिकट होतात आणि लोंबी बहुधा येतच नाही. एकदा शोषलेला विषाणू तुडतुडा जन्मभर बाळगतो. १९७० नंतरच्या काही वर्षांत या ‘गवती खुजा’ रोगाने इंडोनेशिया, फिलिपाईन्स, व्हिएतनाम, श्रीलंका व भारत या देशांतील मिळून एक लाख हेक्टरांहून अधिक भात नासविला.

या रोगावर औषध नव्हते. आजही विषाणू मारणारे औषध नाही. उपाय एकच : रोगास न जुमानणारे वाण शोधणे. संस्थेने जगभरातून जमविलेल्या भाताच्या सहा हजारांहून अधिक वाणांची रोपे एकामागून एक रोगट तुडतुड्यांच्या हवाली करून पाहण्यात आली. लागवडीच्या भातापैकी एकही वाण टिकले नाही. टिकाव धरला तो केवळ एका रानटी नमुन्याने. तो नमुना उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवाराचा, म्हणजे आपल्या देवभाताचा होता. या जातीस स्वतंत्र ओळख व ‘निवारा’ हे नाव भारतीय शास्त्रज्ञांनीच १९६५ साली दिलेले होते.

देवभातात तो गुण होता. परंतु झडणारे दाणे, लाल तांदूळ, पसरट ताट हे सारे अवगुणही होते. ते टाकून गुण तेवढा घ्यावयाचा, तर काय करावे? प्रथम चांगल्या वाणाशी देवभाताचा संकर केला. या पहिल्या पिढीत निम्मा वाटा रानटी असतो. त्यातील संततीचा पुन्हा चांगल्या वाणाशी संकर केला की रानटी वाटा सरासरीने एक चतुर्थांश होतो. पुन्हा केला की एक अष्टमांश. असे आणखी दोनदा केले की एक बत्तिसांश उरतो. प्रत्येक पिढीत रोगट तुडतुडे सोडून जी रोपे निरोगी राहिली तेवढीच पुढे चालवावयाची, म्हणजे हवा असलेला गुण हातून सुटत नाही. ज्या शेतकऱ्याने चांगला वळू लावून तीन-चार पिढ्यांत गाईंचे खिल्लार सुधारले असेल, त्यास ही रीत सांगावी लागणार नाही. या कामी सोपेपणा असा होता की, रोगप्रतिकाराचा हा गुण एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून आहे.

डॉ. गुरुदेव खुश व त्यांचे सहकारी यांनी हे काम केले आणि १९७६ साली आयआर ३६ हे वाण बाहेर पडले. आयआर ८ सुमारे १३० दिवसांत येई, तर हे ११० दिवसांच्या आसपास तयार होई. त्याच्या वंशावळीत अनेक देशांतील वाणे असून त्यांत देवभाताचाही अंश आहे. १९८० नंतरच्या दशकात ते सुमारे १ कोटी १० लाख हेक्टरांवर लावले जात होते.

येथे एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. रोग स्वस्थ बसत नाही. १९८० नंतर फिलिपाईन्समध्ये या विषाणूचा दुसरा प्रकार आढळला आणि त्याच्यापुढे देवभातातून घेतलेला गुण पुरेसा ठरला नाही. तेव्हा एक नमुना हाती लागला म्हणजे काम संपले, असे नव्हे. पुढच्या रोगासाठी पुन्हा डबक्याकडेच जावे लागते, आणि त्या वेळी डबके जाग्यावर असावे लागते.

आणखी काही उदाहरणे

देवभाताची गोष्ट एकटी नाही. चीनमधील हैनान बेटावर १९७० साली रानटी भाताचे एक असे रोप सापडले की, ज्याचे पराग निकामी होते. सामान्य माणसाने ते रोगट समजून सोडून दिले असते. युआन लाँगपिंग यांच्या पथकाने त्याचा उपयोग संकरित भाताचे बियाणे तयार करण्यासाठी केला. कारण मादी म्हणून लावावयाच्या वाणाचे पराग निकामी असले म्हणजे दाणा केवळ शेजारच्या नर वाणापासूनच भरतो. कर्जतच्या संशोधन केंद्राने १९९८ साली प्रसृत केलेल्या ‘सह्याद्री’ या संकरित भाताची मादीही त्याच परंपरेतील आहे. कोकणच्या खाचरातील पिकाचे नाते अशा रीतीने हैनानच्या दलदलीतील एका रोपाशी जुळलेले आहे.

ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीही हा विचार करावा. नदीकाठी पांढरे तुरे मिरविणारे काशगवत हे उसाचे रानटी भावंड होय. कोइमतूर येथे १९१२ साली ऊस पैदास केंद्र स्थापन झाल्यावर तेथे जाड उसाचा या काशगवताशी संकर करण्यात आला आणि त्यातून को २०५ हे वाण १९१८ साली निघाले. रसाच्या दृष्टीने कवडीमोल असलेल्या गवताने काटकपणा आणि रोगांशी झुंजण्याचे बळ दिले. महाराष्ट्रात विस्तृत प्रमाणावर लागवड झालेला को ८६०३२ हा ऊसही याच गवताचा दूरचा वंशज आहे.

केवळ रानटी गोतच नव्हे, तर गावठी वाणेही याच हिशेबात धरली पाहिजेत. ओडिशातील एका जुन्या स्थानिक भातापासून निवडलेल्या एफआर १३ ए या वाणात पुराच्या पाण्याखाली बुडून राहूनही न कुजण्याचा गुण आहे. तो स्वर्णा या लोकप्रिय भातात उतरवून ‘स्वर्णा-सब १’ हे वाण २००९ साली भारतात प्रसृत झाले. सुमारे दोन आठवडे बुडाले तरी ते पुन्हा उभे राहते. आपल्याकडे पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने निवडलेली काळा राता व भुरा राता ही वाणे मूळची खाजणातील शेतकऱ्यांचीच. समुद्राचे पाणी शिरणाऱ्या जमिनीत जे भात पिढ्यान्‌पिढ्या तगले, त्याचा गुण प्रयोगशाळेत निर्माण झालेला नाही. तो शेतकऱ्याने बी राखून सांभाळलेला आहे. डॉ. रा. ह. रिछारिया यांनी १९७० नंतरच्या दशकात छत्तीसगढच्या गावोगावी हिंडून भाताचे सुमारे १९ हजार नमुने जमविले. यांतील पुष्कळ वाणे आज शेतात शोधूनही मिळणार नाहीत.

नाव, नमुना आणि ठिकाण

उत्तर प्रदेशातील तो देवभाताचा नमुना उपयोगी पडला, याचे कारण त्यात गुण होता एवढेच नव्हे. कोणीतरी तो गोळा केला, त्यावर ठिकाण लिहिले, क्रमांक दिला, बी सुकवून जतन केले आणि मागणी येताच ते काढून देता आले. यांतील एखादी कडी तुटली असती तर गुण असूनही तो कोणाच्या कामी आला नसता. वनस्पतिशास्त्राचे संशोधन म्हणजे मुख्यत्वे हीच नोंदीची शिस्त होय.

या शिस्तीचा इतिहास पाहिला तर तिच्या मुळाशी गावातील माणसेच दिसतात. मलबारचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने तेथील वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यात वर्णिलेल्या सातशेहून अधिक वनस्पतींची नावे व उपयोग सांगणारांत इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य होते, तसेच रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोंकणी वैद्यही होते. या तिघांनी दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत त्या ग्रंथात छापलेले आहे. पुढे लिनियस याने वनस्पतींना शास्त्रीय नावे देताना या ग्रंथाचा आधार घेतला. म्हणजे आज जगभर चालणाऱ्या कित्येक नावांच्या पाठीशी पश्चिम किनाऱ्यावरील वैद्यांची साक्ष आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर थिओडोर कूक यांनी मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला आणि अद्यापही अभ्यासकांस त्याचे पान उलटावे लागते. भारतीय वनस्पती सर्वेक्षण ही संस्था १८९० साली स्थापन झाली; तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुणे येथे आहे. तेथे दाबून वाळविलेल्या वनस्पती कागदावर चिकटवून, नाव-गाव-तारीख लिहून, कपाटांत क्रमाने ठेवलेल्या असतात. शंभर वर्षांपूर्वी अमुक तळ्यात अमुक वनस्पती होती, याचा पुरावा म्हणजे हा कागद. जिवंत बियाण्यांचा सांभाळ दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या जनुकपेढीत उणे १८ अंश तापमानात केला जातो, तर लॉस बान्योस येथील भाताच्या नमुन्यांची संख्या १ लाख ३० हजारांच्या घरात आहे.

एवढ्या पेढ्या असताना डबके राखण्याचे कारण काय, असा प्रश्न कोणी करील. पेढीतील बी ज्या दिवशी थंड खोलीत गेले, त्या दिवशीच त्याची वाढ थांबली. डबक्यातील देवभात मात्र दरवर्षी नव्या रोगाशी, उशिरा येणाऱ्या पावसाशी, वाढत्या उन्हाशी सामना करीत बदलत राहते. म्हणून दोन्ही हवीत.

देवभात ओळखावे कसे?

पीक पोटरीवर येण्यापूर्वी देवभात व भात यांतील भेद नवख्यास दिसत नाही. पाखडासारखे गवत असेल तर ते ओळखणे सोपे आहे : भाताच्या पानाचे पाते जेथे खोडास मिळते तेथे पातळ पांढुरकी जिव्हिका असते, पाखडास ती नसते. देवभातास मात्र भाताप्रमाणेच जिव्हिका असल्याने ही कसोटी तेथे चालत नाही. निसवल्यानंतर लांब व ताठ कुसळे, एकाच लोंबीत वरचे दाणे पक्व तर खालचे हिरवे, हात लागताच झडणे आणि साल काढल्यावर दिसणारा लाल तांदूळ या खुणा एकत्र पाहाव्यात. कुसळ एकट्याने पुरेसे नाही, कारण काही गावठी भातांसही कुसळ असते. लाल तांदूळही एकट्याने पुरेसा नाही.

दोन रानटी जातींतील फरक पाहावयाचा तर मूळ उपटून पाहावे. वर्षायू जातीचे रोप झुपकेदार, आटोपशीर असते. बहुवर्षायू जातीचे खोड पाण्यावर आडवे पसरते व पेऱ्यापेऱ्यास मुळ्या फुटतात. फुलातील परागकोश हीही चांगली खूण आहे : बहुवर्षायू जातीत तो ३ मिलीमीटरांहून लांब असतो, वर्षायू जातीत सुमारे २ मिलीमीटर. याखेरीज खाचराच्या कडेला या दोहोंचा आणि लागवडीच्या भाताचा नैसर्गिक संकर झालेली मधली रोपेही भेटतात. छत्तीसगढमध्ये अशा मिश्र रोपांस ‘करगा’ म्हणतात. ती कोणत्याच वर्णनात चपखल बसत नाहीत. नोंदीत तसेच स्पष्ट लिहावे, ओढून-ताणून नाव देऊ नये.

खाचरात नको, डबक्यात असावे

देवभाताचे महत्त्व सांगितले म्हणून ते पिकात राहू द्यावे, असा अर्थ कोणी काढू नये. खाचरातील देवभात निसवण्यापूर्वी उपटावे. निसवलेले असेल तर दाणे झडण्यापूर्वी लोंब्या कापून बांधाबाहेर न्याव्यात. त्याचे बी जमिनीत काही वर्षे निद्रिस्त राहू शकते, म्हणून एका हंगामात ते निपटत नाही. आवत्या पद्धतीने फेकून पेरलेल्या भातात त्याचा उपद्रव सर्वांत अधिक. चिखलणी करून ओळीत लावणी केल्यास ओळीबाहेरचे रोप तत्काळ डोळ्यांत भरते. काही भागांत एखाद्या हंगामी जांभळ्या पानांचे भात लावून हिरवे ते सारे उपटण्याची युक्ती केली जाते व ती गुणकारी आहे. बियाणे शुद्ध असावे हे सांगणे नलगे.

परंतु खाचराबाहेरील डबके, चर आणि बोडीचा काठ यांचा प्रश्न निराळा आहे. रस्ता रुंदावताना चर बुजतो, डबक्यात भराव पडतो, तळे खोल करताना उथळ काठ नाहीसा होतो आणि तणनाशकाचा फवारा बांध ओलांडून जातो. तळे खोल करण्याचे काम पाण्याच्या दृष्टीने उपकारक असले तरी एका बाजूचा उतरता काठ तसाच ठेवल्यास पाणी फारसे कमी होत नाही आणि देवभातासह कित्येक पाणवनस्पतींस जागा राहते. कामाचा आराखडा होत असतानाच ग्रामकार्यकर्त्याने हे मांडावे. खोदाई झाल्यावर बोलून उपयोग नाही.

नमुना घेण्याची रीत

नमुना घेण्यास आश्विन महिना चांगला, कारण एकाच ताटावर फूल व दाणा दोन्ही मिळतात. मुळासकट रोप उपटून चिखल धुवावा. रोप कागदाहून लांब असल्यास इंग्रजी ‘एन’ अक्षराप्रमाणे दुमडावे, तोडू नये. वर्तमानपत्राच्या घड्यांत पसरून फळ्यांखाली वजन ठेवून दाबावे आणि पहिले आठ दिवस कागद रोज बदलावा. दमट हवेत कागद बदलण्याचा आळस केला की नमुना बुरशीने काळा पडतो. अशा रीतीने वाया गेलेले नमुने थोडे नाहीत. एका ठिकाणचे तीन नमुने घ्यावेत, म्हणजे एक गावाच्या शाळेत राहील व दोन पुढे पाठविता येतील.

बी घेताना एकाच धष्टपुष्ट ताटाच्या मोहात पडू नये. पन्नास निरनिराळ्या ताटांवरून थोडे थोडे बी घ्यावे, कारण हवा असलेला गुण सर्व ताटांत असेलच असे नाही. झडणारे दाणे मिळविण्यासाठी लोंबीवर कागदाची पिशवी हलकेच बांधून आठ दिवसांनी काढावी. बी सावलीत सुकवावे व कागदी अगर कापडी पिशवीत भरावे. ओले बी प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले तर ते घामेजून मरते. सगळे बी ओरबाडून आणू नये. पुढच्या वर्षीचे रोप त्यातूनच यावयाचे असते.

चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे, शाई ओलाव्याने फुटते. गाव, तालुका, जिल्हा, तारीख, गोळा करणाराचे नाव, पाण्याची खोली, मातीचा प्रकार, जवळपास कोणते भात लावले आहे, आणि गावात त्या वनस्पतीस काय म्हणतात, हे सारे असावे. गावचे नाव जसे उच्चारले जाते तसेच लिहावे, सुधारून लिहू नये. ते नाव सांगणाऱ्या वृद्ध स्त्रीस त्याचा उपयोगही विचारावा. व्रतासाठी देवभात जमविणाऱ्या स्त्रियांस ते कोणत्या डबक्यात, कधी व किती येते हे तोंडपाठ असते आणि पूर्वी कोठे होते व आता नाही, हेही त्याच सांगू शकतात. गावठी वाणांची नोंदही याच रीतीने करावी. मात्र तेथे बी राखणाऱ्या शेतकऱ्याचे नाव त्याच्या संमतीने अवश्य घालावे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यान्वये शेतकऱ्यास आपल्या वाणाची नोंदणी करता येते, आणि तेव्हा जुनी नोंद उपयोगी पडते.

ही माहिती प्रथम गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत उतरवावी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने ही वही ठेवावयाची असते. पुष्कळ गावांत ती एकदाच भरून कपाटात पडून असते. तीत देवभाताचे पान नसेल तर ते जोडावे. वनखात्याच्या राखीव क्षेत्रातून काही घ्यावयाचे झाल्यास आधी परवानगी घ्यावी. परदेशी व्यक्ती अथवा संस्थेस राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या पूर्वसंमतीवाचून बी देता येत नाही, तसेच अनोळखी व्यापाऱ्यासही समितीस न विचारता देऊ नये. नमुने व बी यांचा एक संच जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत कृषी विद्यापीठाच्या भात संशोधन केंद्राकडे पाठवावा. पाठविलेल्या पिशवीवरील क्रमांक व नोंदवहीतील क्रमांक एकच असल्याची खात्री करून मगच टपाल बंद करावे.